राखणदारानेच तारेत करंट सोडला तर?

गेल्या महिन्यात एक जण लॅबमध्ये आला. हातात डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, मोबाइल होता, आणि त्यावर कुणीतरी ग्रुपवर टाकलेली बातमी. "भाऊ, मेंदूची रक्ततपासणी निंगाली म्हनते. तुमच्या इथं होते काय? बुढ्याले काहीच याद नाही रायत."

माझी लॅब म्हणजे एसटी स्टँडमागच्या दोन खोल्या. शुगर, हिमोग्लोबिन, टायफॉइड, डेंगी एवढाच आमचा पसारा. बाकीचे नमुने थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून रात्रीच्या गाडीनं नागपूरला जातात. बातमी मात्र खरी होती. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. तीही सगळ्यांसाठी नाही, वय ५५ किंवा त्याहून जास्त आणि विसरण्याचा त्रास दिसू लागलेला, अशांसाठी. बातमीच्या शेवटी आणखी एका प्रथिनाचा उल्लेख होता, 'ॲस्ट्रोसाइट' नावाच्या पेशींतून रक्तात उतरणाऱ्या. त्यानं नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय असते?"

बाकावर चार माणसं ताटकळत होती. "मेंदूतली एक पेशी असते," एवढं सांगून मी सुई उघडली. उत्तर अर्धवट राहिलं ते टोचत राहिलं, कारण हा प्रश्न आमच्याही घरात आहे.

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, रात्री तीनच्या सुमारास उठतात. दाराची कडी काढतात. टोपल्यात कुटार भरतात आणि अंगणापलीकडच्या कोठ्यात जातात. मोठी माय झोपेतूनच ओरडते, "कुठी चालले?" "ढोराले कुटार टाकून येतो." "कोनत्या ढोराले?" "पवळ्याले, अजून कोनाले." पवळ्या विकून अकरा वर्षं झाली. कोठ्यात आता माझी मोटारसायकल असते.

मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे. पण वाचता येतं, आणि जे कळलं ते सांगता येईल असं वाटतं.

मेंदूत नुसत्या तारा नसतात

शाळेच्या पुस्तकात आपण चेतापेशी शिकलो. त्या निरोप नेतात, आठवणी ठेवतात, हात हलवतात. माणसाच्या मेंदूत त्या साधारण ८,६०० कोटी असतात. पुस्तकानं फारसं सांगितलं नाही ते असं, की जवळजवळ तितक्याच पेशी मेंदूत अशा आहेत ज्या चेतापेशी नाहीत. १८५०च्या दशकात रुडॉल्फ फिर्को या जर्मन शास्त्रज्ञानं त्यांना सरळ 'गोंद' ठरवलं. चेतापेशींना जागेवर चिकटवून ठेवणारा लगदा, बस. पुढची शंभरेक वर्षं त्यांच्याकडं फार थोड्यांनी नीट पाहिलं.

त्यातल्याच काही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चांदणीसारख्या दिसतात, मध्ये अंग आणि चहूकडे फुटलेले हात. ग्रीक भाषेत तारा म्हणजे ॲस्ट्रॉन, म्हणून ॲस्ट्रोसाइट. यापुढे मी तारापेशी म्हणेन.

गोंद म्हणणं म्हणजे वावरातल्या सालदाराला 'धुऱ्यावर बसलेला माणूस' म्हणण्यासारखं आहे. पीक दिसतं पऱ्हाटीचं, पण वर्षभर ते उभं कोण ठेवतं?

सालदार करतो काय?

एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा मधल्या बारीकशा फटीत रसायन सोडते. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रसायन म्हणजे ग्लुटामेट. निरोप पोचला की ते लगेच उचललं गेलं पाहिजे. फटीत ते साचून राहिलं तर पुढची पेशी सतत पेटती राहते आणि शेवटी मरते. पऱ्हाटीला पाणी हवंच, पण तीन दिवस पाणी उभं राहिलं की वावर चिबडतं आणि झाड पिवळं पडतं, तसं. हे जादा ग्लुटामेट उपसून काढण्याचं बहुतांश काम तारापेशी करते. माणसाची एक तारापेशी अशा लाखो फटींवर नजर ठेवते. काहींच्या हाताखाली २० लाखांपर्यंत फटी असू शकतात. असा सालदार कुणाला मिळाला तर मला कळवा.

तिचे काही हात रक्तवाहिन्यांना वेढून असतात. रक्तातून साखर घ्यायची, तिचं चेतापेशीला पचेल असं इंधन करायचं आणि पुढं सरकवायचं, हेही तिच्याकडेच. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण विश्रांतीतही ऊर्जा खातो वीस टक्के. एवढ्या खादाड पिकाला हप्त्यातून एकदा पाणी देऊन चालत नाही.

शिवाय सांडपाणी. मायकेन नेडरगार्ड या शास्त्रज्ञ बाईंच्या गटानं २०१२ मध्ये उंदरांवर दाखवलं, की तारापेशींच्या हातांवर पाण्यासाठीच्या बारीक मोऱ्या असतात आणि त्यांच्या मदतीनं मेंदूतला कचरा वाहून जातो. ही सफाई झोपेत जास्त होते की नाही यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण चालू आहे. 'आठ तास झोपा, मेंदू धुऊन निघेल' असे निरोप फिरतात ते त्यामुळं थोडे घाईचे आहेत. झोप चांगलीच, पण तेवढ्यावर धुलाई सिद्ध होत नाही.

तारापेशी 'पेटते' म्हणजे काय

आता मूळ मुद्द्याकडे. मेंदूला मार लागला, जंतू शिरला, रक्तपुरवठा तुटला किंवा कचरा साचला की तारापेशी बदलते. शास्त्रातला शब्द 'प्रतिक्रियाशील'. मी आधी 'बिथरलेली' लिहिलं होतं, मग खोडलं. सुरुवातीला ती बिथरत नाही, कामाला पेटते. म्हणून पेटलेली तारापेशी.

पेटली की ती फुगते, हात जाड होतात. अंगात एक प्रथिन वाढतं, ज्याचा आधार घेऊन ती ताठ उभी राहते. त्याचं नाव जीएफएपी, आणि बातमीतलं ते आणखी एक प्रथिन हेच. मोठी जखम असेल तर या पेशी एकमेकींत हात गुंतवून जखमेभोवती कुंपण घालतात, म्हणजे आतली आग बाहेरच्या चांगल्या भागात पसरू नये. त्याला मेंदूतला व्रण म्हणतात.

बरीच वर्षं हा व्रणच खलनायक मानला जात होता. तुटलेल्या चेतातंतूंना तो वाढू देत नाही असं म्हणत. मग उंदरांच्या मणक्यातल्या मज्जारज्जूवर प्रयोग झाले. व्रण होऊच दिला नाही तेव्हा तंतू जास्त वाढले नाहीत. २०१६ मध्ये आलेल्या निकालांत उलट दिसलं की कुंपण असताना, योग्य खतपाणी दिलं तर, तंतू वाढायला मदतच होते. पेटलेल्या पेशी नाहीशा केल्या तर जखम आणखी पसरते हे त्याआधीच दिसलं होतं.

काट्याचं कुंपण वाईट नसतं. रानडुकरं आणि रोही यांचा त्रास ज्यांना आहे त्यांना ते वेगळं सांगायला नको.

मग बिघडतं कुठं?

डुक्कर एक रात्र आलं, हाकललं, गेलं, तर गोष्ट संपते. ते रोज आलं, दहा वर्षं आलं तर? सालदार रोज जागलीला. दिवसा त्याच्या हातून पाणी होत नाही, डवरणी होत नाही. काट्याच्या कुंपणाचं झटका मशीन होतं. आणि मग एक दिवस कुणीतरी वैतागून तारेत थेट लाइनचा करंट सोडतो. आपल्याकडं अशा तारेला चिकटून डुकरापेक्षा जास्त कोण मरतं? धन्याची म्हैस. कधी धनीच.

अल्झायमरमध्ये मेंदूत ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे गोळे साचतात, आणि लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतात. हे न जाणारं डुक्कर. या गोळ्यांभोवती पेटलेल्या तारापेशींचा वेढा पडलेला दिसतो. आलॉइस अल्झायमर यांनी आपल्या पहिल्या रुग्ण बाईच्या मेंदूबद्दल १९०७ मध्ये जे छापलं, त्यातही चेतापेशींच्या सोबतच्या या पेशी वाढल्याची आणि त्यांत चरबी साचल्याची नोंद आहे. म्हणजे पहिल्या पंचनाम्यातच साक्षीदाराचं नाव होतं, फक्त त्याला कोर्टात कुणी बोलावलं नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बेन बॅरेस आणि शेन लिडलो यांच्या गटानं एक महत्त्वाची कडी जोडली. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या गस्तवाल्या पेशी असतात. त्या सतत चिडलेल्या राहिल्या की तीन रासायनिक निरोप सोडतात. हे तिन्ही मिळाले की तारापेशी आपलं रोजचं काम टाकते, चेतापेशींच्या जोडण्या सांभाळत नाही, आणि वर असं काही सोडू लागते ज्यानं चेतापेशी मरतात. प्रयोगशाळेतल्या बशीतला प्रयोग होता, पण अल्झायमर, पार्किन्सन (कंपवात) वगैरेंनी गेलेल्या माणसांच्या मेंदूतही अशा पेशींच्या खुणा सापडल्या.

सोडते काय, हे शोधायला आणखी चार वर्षं लागली. २०२१ मध्ये उत्तर आलं: चरबी. विशिष्ट प्रकारची चरबी, प्रथिनाच्या वेष्टणात बांधलेली. १९०७ची ती नोंद आठवली की अंगावर काटा येतो. जुनी चरबी आणि ही चरबी एकच, असा दावा मी करत नाही. पण मेंदूत चरबी वाहून नेणारं प्रथिन, एपीओई, मुख्यतः तारापेशीच बनवतात, आणि त्याच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना अल्झायमरचा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे.

यात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. नुकसान फक्त करंटनं होत नाही. पाणी थांबलं, उपसा थांबला, सांडपाणी तुंबलं, यानंही तितकंच होत असणार. जागलीत अडकलेला सालदार कुणाला मारत नसेलही, तरी पीक वाळतंच.

म्हणजे चांगल्या आणि वाईट असे दोन पक्ष?

२०१७ नंतर तसंच लिहिलं जाऊ लागलं. एक मारणारी जात, एक तारणारी जात. सोपं होतं म्हणून पसरलं. २०२१ मध्ये या विषयातल्या अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की हे दोन खाने मोडा. आजार कोणता, मेंदूचा भाग कोणता, दिवस कितवा, यावर तारापेशी काय करेल ते ठरतं. एकच पेशी एकीकडे राखण करते आणि दुसरीकडे पाणी द्यायचं विसरते. गावात कुणाला नुसतं चांगलं किंवा नुसतं वाईट म्हणून मोकळं होता येतं का? तरी आपण म्हणतोच.

हे फक्त विसरण्याच्या आजारात होतं का?

नाही. एएलएस नावाच्या आजारात हातापायाचे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. स्टीफन हॉकिंग यांना झाला होता तो. २००७ मध्ये दिसलं की या आजाराचं सदोष जनुक असलेल्या तारापेशींजवळ निरोगी चेतापेशी ठेवल्या तर त्या मरतात. चेतापेशीत स्वतःचा काही दोष नसताना. हंटिंग्टन नावाच्या मेंदूच्या आजारातही तारापेशींची एक महत्त्वाची मोरी बंद पडलेली आढळते.

पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, गोष्ट आपल्या भागासाठी जरा थांबून सांगण्यासारखी आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक लाकडासारखे ताठ झाले. चोरून बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. पुढं कळलं की एमपीटीपी स्वतः विषारी नाही. मेंदूत तारापेशी त्याला आपलं समजून उचलते, एक विकर, म्हणजे एंझाइम, वापरून त्याचं रूपांतर करते, आणि त्या रूपांतरातून विष तयार होतं. तिथून ते शेजारच्या चेतापेशीत शिरतं. राखणदारानं बिचाऱ्यानं नियमानं काम केलं आणि घात झाला. कंपवाताच्या रुग्णांना दिली जाणारी सेलेजिलिन ही गोळी तेच विकर अडवते, कारण ते मेंदूत उपयोगाचं रसायनही मोडून टाकतं.

आता आपल्याकडचा प्रश्न. त्या विषाची रचना आणि पॅराक्वाट या तणनाशकाची रचना खूप मिळतीजुळती आहे. पॅराक्वाट हाताळणाऱ्या लोकांत कंपवात जास्त आढळतो असं अनेक पाहण्यांत दिसलं. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. याचा अर्थ फवारणी केली की कंपवात होतोच असा नाही, आणि यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीनं जे बळी गेले ती तातडीच्या विषबाधेची वेगळी गोष्ट होती. पण तोंडाला नुसता शेला गुंडाळून पंप पाठीवर घेणाऱ्याला 'काही होत नाही, आमच्या बापजाद्यानं केलं' असं म्हणायचा धीर मला आता होत नाही.

मग या पेशीच मारून टाकल्या तर?

हा प्रश्न मला माझ्या भाच्यानं विचारला, बारावीत आहे. सालदार दारू प्यायला म्हणून हाकलला तर पाणी कोण देणार, असं मी त्याला विचारलं. तारापेशी मारून चालत नाही. मायक्रोग्लियाचे ते तीन निरोप अडवायचे, किंवा तारापेशीला परत रोजच्या कामाला लावायचं, या दिशेनं काम चालू आहे. पेटलेल्या तारापेशीला शांत करणारं म्हणून मान्यता मिळालेलं अल्झायमरचं औषध आज बाजारात नाही.

ॲमिलॉइडचे गोळे काढणारी औषधं मात्र आली आहेत. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत आजाराची घसरण साधारण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, मागं फिरली नाही. सुरुवातीच्या रुग्णांनाच ते देतात, शिरेतून, वारंवार, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे पाहायला एमआरआय काढत राहावे लागतात. खेड्यातून हे कसं जमायचं ते तुम्हीच सांगा. डुक्कर हाकललं तरी तारेतला करंट चालू राहत असेल, म्हणून फायदा एवढासाच होत असेल का? काही शास्त्रज्ञांना तसं वाटतं. मलाही. पण ते वाटणंच आहे.

आणि आठवडी बाजारात मिळते ती 'स्मरणशक्ती'ची बाटली? मोठ्या मायनं तीन आणल्या. गोड होती, लहान पोरांनी संपवली.

तर रक्ततपासणी करायची का?

जीएफएपी रक्तात वाढतं, अल्झायमरमध्ये बऱ्याच लवकर वाढतं, हे खरं. पण ते डोक्याला मार लागल्यावरही वाढतं. मोटारसायकलवरून पडलेल्याच्या तपासणीत वापरायला अमेरिकेनं २०१८ मध्येच परवानगी दिली होती. कुंपणात हालचाल आहे एवढं ते सांगतं, डुक्कर आहे की रोही ते नाही. त्यामुळं एकट्या जीएफएपीवरून कुणाला अल्झायमर ठरवता येत नाही.

त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, आधी बुढ्याला घेऊन या. बी-१२, थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, सोडियम. यातलं काही बिघडलं तरी माणूस विसरतो, गोंधळतो, आणि यातलं बरंच दुरुस्त होतं. रक्तदाब बघा. कानाला ऐकू येतं का बघा. ऐकू न येणारा म्हातारा हळूहळू बोलण्यातूनच बाहेर पडतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये असे १४ धोके मोजले, त्यात बहिरेपण, मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचा धूर, कमी शिक्षण हे सगळे आहेत, आणि ते टाळता आले तर डिमेन्शियाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात असा अंदाज दिला. डिमेन्शिया म्हणजे रोजचं जगणं अडावं इतकी बुद्धी आणि स्मृती ढासळणं. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात मोठा प्रकार.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आहे. आमच्याकडं त्याला 'बुढ्याच्या डोक्यात फरक पडला' म्हणतात, नाहीतर बाहेरचं म्हणतात. मोठ्या बाबांनाही आधी एका देवऋष्याकडं नेलं होतं. मग एका दवाखान्यात नेलं, तिथं तपासायच्या आधीच 'वय झालं' म्हणून परत पाठवलं. माझ्या लेखी दोघांत फार अंतर नाही.

त्यांचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं दिली, पायाच्या मुंग्या गेल्या, रात्रीचं उठणं गेलं नाही. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. त्यांनी एक गोळी दिली आणि मोठ्या मायला दहा मिनिटं समजावलं: वाद घालू नका, दाराला कुलूप लावून कोंडू नका, वाटेतलं अडखळायचं सगळं काढा. गोळीचा उपयोग किती झाला सांगता येत नाही. त्या दहा मिनिटांचा झाला.

आता मोठी माय 'कोनत्या ढोराले' असं विचारत नाही. संध्याकाळीच टोपलं भरून दाराशी ठेवते, अंगणातला दिवा रात्रभर चालू. मोठे बाबा तीनला उठतात, कोठ्यात जातात, येऊन शांत झोपतात. सकाळी मी मोटारसायकलच्या सीटवरचं कुटार झटकतो आणि लॅब उघडायला निघतो.